एकाच वाड्यात दोन तऱ्हेची वाळवी: या एकमेकींपासून कधी फुटल्या?

दांडियाबाजारचा वाडा (प्रश्न)

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, आधीच सांगून ठेवतो.

आमचं घर बडोद्यात दांडिया बाजारात, पणजोबांनी बांधलेलं. खांब, तुळया, जिना सगळं सागवानी. सागाला आजतागायत काही झालेलं नाही. पण मागच्या चौकातल्या मोरीच्या दाराला मध्यंतरी कुठल्यातरी हलक्या लाकडाची चौकट बसवली होती, तिला या पावसाळ्यात उधई, म्हणजे वाळवी लागली. फरशीच्या सांध्यातून मातीची नळी निघून चौकटीच्या कडेकडेनं पार वर गेली आहे. नळी नखानं खरवडली की आत पांढुरक्या, मऊ अंगाच्या किड्यांची पळापळ होते. मग थोड्याच वेळात मोठ्या पिवळट डोक्याचे दोन-चार जण भोकापाशी येऊन जबडे उघडून उभे राहतात.

हा झाला एक प्रकार. दुसरा माडीवर. तिथं आईचं आंब्याच्या लाकडाचं कपाट आहे. त्याला माती नाही, ओल नाही, जमिनीशी संबंधच नाही. फक्त रोज सकाळी खाली रवाळ दाण्यांची छोटीशी ढिगोळी पडलेली असते. झाडली की दुसऱ्या दिवशी पुन्हा. भाचा अकरावी सायन्सला आहे. त्यानं माझ्या तिकिटं बघायच्या भिंगाखाली ते दाणे धरले, तर प्रत्येक दाण्याला सहा बाजू! टोकं किंचित गोलसर, अंगावर सहा उभ्या खोलगट पट्ट्या. सगळे एकाच मापाचे.

औषध मारणारा आला आणि दोन्हीकडे टॉर्च मारून म्हणाला, "बन्ने उधई ज छे साहेब, एक ज दवा चालशे." मला ते पटेना. एक जमिनीतून माती वाहून आणते, दुसरी कोरड्या फळीत बसून मापातले दाणे टाकते, आणि दोघी एकच?

त्यात भाच्यानं आणखी काडी टाकली. वाळवी मुंग्यांतली नाहीच म्हणे, झुरळांतली आहे. आमची आत्या तिथंच बसली होती. ती भडकली, "म्हणजे नागपंचमीला वारुळाला हळदकुंकू वाहते ते झुरळाच्या घराला का रे?" तेव्हापासून घरात हा विषय मिटत नाहीये.

तर या दोन वाळव्या वेगळ्या असतील तर किती वेगळ्या? कधी फुटल्या एकमेकींपासून? आणि झुरळाचं खरं काय? कुणी नीट समजावून सांगेल का? गूगलचे दुवे नकोत, ते भाचा रोज दाखवतोच.

पंपवाला

मी याच धंद्यात आहे, मांजलपूरला. तुम्हाला शंका आली ते बरोबर. चौकटीवाली जमिनीतली आहे. तिला फरशीला कडेनं भोकं पाडून औषध जमिनीत सोडावं लागतं, चौकटीवर फवारा मारून उपयोग नाही, कारण घर खाली आहे. कपाटातली सुक्या लाकडाची. तिचं घर, जेवण सगळं त्या फळीत. तिला जमिनीतलं औषध काय करणार? दाणे जिथून पडतात ते बारीक भोक शोधून त्यात सुईनं औषध भरायचं, नाहीतर ती फळी बदलायची. षट्कोनी दाणे म्हणजे तिची विष्ठा.

झुरळाचं मला माहीत नाही. आमच्याकडे झुरळाचा रेट वेगळा असतो.

लिग्नाइट

वर पंपवाल्यांनी उपचाराचं अगदी नेमकं सांगितलं आहे, त्यात माझी भर नाही. वंशावळीचं मी सांगतो. मी भूविज्ञानाचा माणूस. नोकरी दक्षिण गुजरातेत लिग्नाइटच्या, म्हणजे तपकिरी कोळशाच्या खाणींवर झाली आणि किड्यांशी ओळख राळेतून झाली. ते पुढे येईलच.

आधी आत्यांच्या तक्रारीचं. भाचा बरोबर आहे. आत्यांना नमस्कार सांगा, पूजा थांबवायचं काही कारण नाही, पण वाळवी मुंगी नव्हे. मुंगी गांधीलमाशीच्या नात्यातली. तिच्यात अळी, कोष, मग मुंगी असा क्रम असतो, कामकरी सगळ्या माद्या, आणि नर उड्डाणानंतर मरून जातो. वाळवीत अळी नाही, कोष नाही. अंड्यातून जे बाहेर पडतं ते आई-बापाचंच छोटं रूप, कात टाकत मोठं होतं. कामकरी नरही असतात आणि माद्याही. राजा राणीशेजारी जन्मभर राहतो. दोघींनी वसाहत करून राहायची रीत स्वतंत्रपणे काढली, म्हणून आपल्याला त्या बहिणी वाटतात.

झुरळाशी नातं आहे याचा वास शास्त्रज्ञांना बऱ्याच आधी लागला होता. उत्तर अमेरिकेच्या डोंगरांत आणि चीन-कोरियाकडे क्रिप्टोसर्कस नावाचं एक झुरळ असतं. पंख नाहीत, स्वयंपाकघराशी देणंघेणं नाही, कुजक्या ओंडक्यात राहतं आणि लाकूड खातं. नर-मादी जोडीनं राहून पिल्लं कितीतरी काळ सांभाळतात. १९३४ मध्ये क्लीव्हलंड नावाच्या अमेरिकन संशोधकानं त्याच्या आतड्यातल्या एकपेशीय जीवांचा सविस्तर अभ्यास छापला. शेपट्यांनी पोहणारे हे जीव लाकूड पचवून देतात, आणि ते वाळवीच्या पोटातल्यांचे अगदी जवळचे निघाले. तरीही वाळवीचा गण वेगळाच ठेवला होता, आयसोप्टेरा म्हणजे समान पंखांचे. २००७ मध्ये लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या इनवर्ड, बेकालोनी आणि एगलटन यांनी डीएनएवरून मोठा वंशवृक्ष मांडला. त्यात वाळवी झुरळांच्या शेजारी बसत नव्हती, झुरळांच्या आत बसत होती, क्रिप्टोसर्कसच्या अगदी लगत. त्यामुळे स्वतंत्र गण म्हणून तिचं खातं बंद झालं. आज सगळ्या वाळव्या ब्लॅटोडीया या झुरळांच्या गणात मोडतात.

आता यातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. वाळवी कात टाकते तेव्हा मागच्या आतड्याचं अस्तरही निघून जातं, आणि त्याबरोबर ते एकपेशीय जीवही. पोट रिकामं, लाकूड समोर, पण पचवणारं कोणी नाही. मग काय करायचं? दुसरीच्या गुदद्वारापाशी तोंड लावून तिथून पुन्हा घ्यायचे. ऐकायला घाण वाटेल, पण यामुळे एकटं राहणं अशक्य होऊन बसतं. पिल्लानं घर सोडलं की उपासमार. वाळवीचं अख्खं गणगोत एकत्र राहण्यामागे ही आतड्याची गाठ आहे असं बरेच अभ्यासक मानतात, आणि मलाही ते पटतं. राणीची भक्ती वगैरे आपण मागाहून चिकटवलेल्या गोष्टी.

काळ किती जुना? क्रिप्टोसर्कसच्या वाटेपासून वाळवी साधारण १५ कोटी वर्षांपूर्वी किंवा त्याच्याही थोडं आधी वेगळी झाली असावी. सर्वांत जुने निर्विवाद जीवाश्म सुमारे १३ कोटी वर्षांचे, म्हणजे डायनासोर ऐन भरात होते तेव्हाचे. ते बहुतेक पंख आहेत. वाळवीचे पंख उड्डाणानंतर बुडाशी ठरलेल्या रेषेवर तुटून पडतात, आणि चिखलात पंख चांगले टिकतात.

खरी मजा म्यानमारच्या अंबरात, म्हणजे झाडांच्या दगड झालेल्या राळेत आहे. ही राळ ९ कोटी ९० लाख वर्षांपूर्वीची. तिच्यात पंखवालेच नाहीत, कामकरी आणि सैनिकही सापडले. २०१६ मध्ये त्यातल्या एका वाळवीचं नाव ठेवलं क्रिष्णाटर्मिस योद्धा. क्रिष्णा म्हणजे कुमार कृष्ण, जन्म देहराडूनचा, न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीशी अनेक वर्षं जोडलेला, जगातल्या वाळव्यांची सूची करण्यात हयात घालवलेला माणूस. आणि योद्धा का, तर तिचा सैनिक सापडला म्हणून. म्हणजे तुमच्या चौकटीच्या भोकाशी जबडे उघडून जे उभे राहतात, तो हुद्दा दहा कोटी वर्षांपूर्वीच पक्का झालेला होता. सैनिकाला स्वतःला खाताही येत नाही, जबडे इतके वाढलेले असतात की कामकऱ्यांनी भरवावं लागतं.

त्याच अंबरात तुमच्या प्रश्नाचं उत्तर आहे. तुमचं माडीवरचं कपाट कॅलोटर्मिटिडी या कुळानं धरलं आहे, दाण्यांवरून बहुधा क्रिप्टोटर्मिस. चौकट मात्र जिनं धरली ती निओआयसोप्टेरा या दुसऱ्या शाखेतली. तिची खूण म्हणजे कपाळावर एक छिद्र, त्यात उघडणारी ग्रंथी. म्यानमारच्या अंबरात कॅलोटर्मिटिडीचेही नमुने आहेत आणि कपाळाला छिद्र असलेल्यांचेही. म्हणजे दोन्ही वाटा तोवर फुटून गेलेल्या होत्या. तुमच्या मोरीच्या दारात आणि माडीत एक जिना आहे, पण त्या दोघींचा शेवटचा सामाईक पूर्वज दहा कोटी वर्षांपलीकडे आहे. माणूस आणि उंदीर यांचे पूर्वज एकमेकांपासून फुटले त्यापेक्षा हे जुनं.

कपाटवालीनं जुनी राहणी सोडली नाही. एक लाकूड, त्यातच घर, त्यातच अन्न. कायमचे कामकरीही तिच्यात नसतात. पिल्लंच कामं करतात आणि त्यांतली कुठलीही पुढे पंख फुटून राजा-राणी व्हायला निघू शकते. पाणी मिळत नाही, म्हणून विष्ठेतला थेंबन् थेंब गुदाशयाच्या भिंती पिळून परत घेतात, आणि त्या पिळवणुकीतच दाण्याला सहा बाजू पडतात. भाच्यानं भिंगातून पाहिल्या त्या खोलगट पट्ट्या हेच.

आणि एक गंमत. याच राहणीमुळे ती जगभर पोचली. पोकळ ओंडका नदीतून समुद्रात गेला की आतली वसाहत फुकटात प्रवास करते. गेल्या पाच कोटी वर्षांत या कुळानं निदान चाळीसेक वेळा समुद्र ओलांडले असा हिशेब २०२२ मध्ये डीएनएवरून मांडला गेला. आता ती फर्निचरमधून जाते, तेवढाच फरक.

सर्वांत जुन्या धाटणीची वाळवी हवी असेल तर ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला मास्टोटर्मिस डार्विनिएन्सिस आहे. झुरळं अंडी पाकिटात घालतात ना, हीसुद्धा अंडी दोन ओळींत चिकटवून गठ्ठ्यानं घालते. मागच्या पंखाला झुरळाच्या पंखासारखा जादा पाळू आहे, म्हणजे समान पंख हे नावच तिला लागू होत नाही. आज तिच्या कुळात ही एकच जात उरली. जीवाश्म मात्र युरोपात आणि अमेरिकेतही निघतात.

आता तुमच्याकडून एक काम हवं. चौकटीवरचा एक सैनिक चिमट्यानं धरून भिंगाखाली बघा. कपाळातून पांढरा दुधाळ थेंब येतो का? आणि डाव्या जबड्याच्या आतल्या बाजूला एकच ठळक दात आहे का? त्यावर पुढचं ठरेल.

दांडियाबाजारचा वाडा

लिग्नाइटसाहेब, काय सांगू, घरात जाहीर वाचन झालं. आत्या क्रिप्टोसर्कसवर खूश आहे, "नर-मादी मिळून पिल्लं सांभाळतात ना, मग असू दे झुरळ" असं म्हणाली.

सैनिक पाहिला. भाच्यानं धरला, मी पाहिला. पहिला चिमट्यातच गेला, दुसरा टिकला. दुधाळ थेंब नाही. दात आहे! डाव्या जबड्यावर, आतल्या बाजूला, स्पष्ट. उजवा जबडा नुसताच वाकडा. माझ्या बोटाला त्यानं धरलं ते सोडायलाच तयार नव्हता, डोकं तुटलं तरी जबडा तसाच.

रत्नागिरीकरीण

मध्येच घुसते, माफ करा. मी लग्न होऊन बडोद्याला आले, माहेर रत्नागिरीजवळचं. आमच्याकडे पावसाळ्यात वारुळावर अळंबी उगवतात, पांढऱ्या छत्र्या, ठरावीक जागीच. बाबा जागा कुणाला सांगायचे नाहीत. उपटायला गेलं की देठ जमिनीत संपतच नाही, लांबच लांब खाली जातो. त्याचा वाळवीशी काही संबंध आहे का, की नुसतीच भुसभुशीत माती आवडते त्यांना?

लिग्नाइट

दोघांची उत्तरं एकच आहेत, म्हणून एकत्र देतो.

दुधाळ थेंब असता तर कॉप्टोटर्मिस म्हटलं असतं. डावीकडे दात म्हणजे ओडोन्टोटर्मिस. नावातच दात आहे. आपल्याकडे शेताच्या बांधावर खाचाखाचांची उंच वारुळं दिसतात ती याच प्रजातीतल्या (म्हणजे जवळच्या जातींच्या गटातल्या) ओडोन्टोटर्मिस ओबेससची. तुमची तीच जात आहे असं मी म्हणत नाही, भारतात ओडोन्टोटर्मिसच्या पुष्कळ जाती आहेत आणि सगळ्या उंच वारूळ बांधत नाहीत. पण प्रजात नक्की.

आणि रत्नागिरीकरीण, ही वाळवी शेती करते. तुमच्या बाबांची अळंबी तिचं पीक आहे.

वारुळाच्या पोटात कप्पे असतात आणि कप्प्यांत करड्या-तपकिरी रंगाची, अनारशाच्या जाळीसारखी भोकाभोकांची पोळी. कामकरी लाकूड, पाला, गवत खातात, ते अर्धवट पचलेलं विष्ठेतून आणून पोळ्याच्या वरच्या थरावर लिंपतात. त्यावर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी वाढते. बुरशी लाकडातलं चिवट लिग्निन आणि सेल्युलोज मोडते, मग वाळव्या पोळं जुन्या बाजूनं खात जातात. पोळ्यावर पांढऱ्या बारीक गुठळ्या येतात, त्या विशेष आवडीनं खाल्ल्या जातात. त्यातले बीजाणू पोटातून सुखरूप बाहेर येऊन नव्या थरात पेरले जातात. पावसात बुरशीला छत्र्या फुटतात आणि तुम्हाला जो न संपणारा देठ लागायचा, तो त्या पोळ्यापर्यंत खाली गेलेला असतो. बहुतेक जातींत नव्या वसाहतीचे पहिले कामकरी बाहेर येऊन या छत्र्यांचे बीजाणू गोळा करतात आणि त्यावर आपली शेती सुरू करतात. म्हणजे अळंबी उगवणं वाळवीच्याही कामाचं आहे. सगळी खुडून नेऊ नका, एवढंच.

आपल्या देशात हे फार लवकर कुणाच्या तरी नजरेला आलं होतं. तरंगंबाडीच्या डॅनिश वसाहतीत असलेला कोनिग नावाचा वैद्य-निसर्गशास्त्रज्ञ १७७९ साली या वाळव्यांबद्दल लिहून गेला.

आता उत्क्रांतीतली मोठी उडी. मागे सांगितलेली आतड्याची गाठ, ती या घराण्यानं सोडून टाकली. ओडोन्टोटर्मिस ज्यात मोडते त्या टर्मिटिडी कुळाच्या पोटात ते शेपटीवाले एकपेशीय जीव नाहीतच. त्यांच्या जागी जीवाणू आहेत, आणि काहींनी पचनाचं काम शरीराबाहेर काढलं, पोळ्यावर बुरशीकडे सोपवलं. हे कसं घडलं यावर अजून मतं आहेत. मला बाहेरच्या पोटाची कल्पना पटते: आधी अन्न बाहेर रचून कुजवायची सवय लागली आणि मग आतल्या नोकरांची गरज उरली नाही. पण दुसरा पक्षही आहे, तो म्हणतो कुजकं लाकूड आणि माती खायला लागल्यावर ते जीव गेले.

कारण काहीही असो, परिणाम बघा. जगात वाळवीच्या सुमारे ३००० जाती माहीत आहेत आणि त्यांतल्या ७० टक्क्यांहून अधिक या एकट्या कुळात. लाकडाला बांधलेले होते तोवर लाकडापुरतेच राहिले. सुटल्यावर कोणी गवत खाऊ लागलं, कोणी पाचोळा, कोणी शेवाळ-दगडफूल, कोणी चक्क माती. माती खाणाऱ्यांचीच गर्दी मोठी, त्या आपल्या चौकटीच्या वाटेला जात नाहीत म्हणून आपल्या लक्षात येत नाहीत. शस्त्रंही बदलली. नासुटीटर्मिस गटातल्या सैनिकांचे जबडे आटले आणि कपाळ नळीसारखं पुढे आलं, त्यातून ते शत्रूवर चिकट द्रव मारतात. काहींचे जबडे वाकून ताण धरतात आणि सुटले की फटकारा बसतो. आणि माती खाणाऱ्यांतल्या काही गटांनी सैनिक ठेवणंच बंद केलं. दहा कोटी वर्षं चाललेली फौज मोडीत! वाळवी म्हणजे न बदलणारा जुनाट किडा असं जे छापून येतं ना, ते वाचलं की मला चीड येते.

टर्मिटिडी कधी सुरू झालं? इथे आपल्या गुजरातचा संबंध येतो. सुरत जिल्ह्यातली वस्तानची लिग्नाइट खाण. काळ्याकुट्ट थरात मधाच्या रंगाची राळ. हातात घेतली की वजनच लागत नाही, दाबली तर चुरा होतो. खाणीवर कोणाला तिचं अप्रूप नव्हतं, कोळशाबरोबर तीही जळायला जायची. ही राळ पाच कोटी वर्षांहून थोडी जुनी, डिप्टेरोकार्प झाडांची, म्हणजे आपल्या साल वृक्षाच्या कुळातली. आज जिथं ऊस उभा आहे तिथं तेव्हा विषुववृत्तालगतचं ओलंचिंब जंगल होतं. २०१० मध्ये या राळेतल्या किड्यांवर पहिला मोठा लेख आला. २०११ मध्ये त्यातल्या वाळव्यांचं वर्णन झालं, आणि त्यात टर्मिटिडी कुळातला तोवरचा सर्वांत जुना नमुना निघाला.

या राळेचा एक गुण बाल्टिक समुद्राकडच्या अंबरात नाही. तिची रासायनिक बांधणी अशी की ती द्रावकात विरघळते. त्यामुळे काही नमुने राळेतून अख्खे मोकळे करता आले, पाय, मिशा, केसांसकट. पाच कोटी वर्षांनी किडा बाहेर काढून पुन्हा भिंगाखाली ठेवायचा! मी स्वतः ते काम केलेलं नाही. मी फक्त थर मोजायचो. पण त्या लेखांतली चित्रं पाहिली तेव्हा आपण कशावरून बूट घालून चालत होतो ते कळलं.

मात्र वस्तानची वाळवी तुमच्या चौकटीवालीची पणजी असं समजू नका. बुरशीची शेती आफ्रिकेत सुरू झाली, सुमारे तीन कोटी वर्षांपूर्वी, आणि ती एकदाच. टांझानियात रुक्वा खोऱ्यातल्या खडकात अडीच कोटी वर्षांपूर्वीची बुरशीची पोळी दगड झालेली सापडली आहेत. तिथून हे शेतकरी आशियात आले, एकाच वेळी नव्हे, वेगवेगळ्या खेपांत. तेव्हा चौकटीवाली मूळची आफ्रिकेची.

शंकासुर

सगळं रंगवून सांगितलंत, पण पाच कोटी, दहा कोटी हे आकडे कोण मोजतं? किड्याच्या अंगावर तारीख असते का? आणि मी एका ठिकाणी वाळवी २२ कोटी वर्षं जुनी असं वाचलं होतं. मग तुमचे १५ कुठून आले?

लिग्नाइट

प्रश्न रास्त आहे, आणि हा माझ्या खात्यातला.

किड्याचं वय काढत नाहीत, तो ज्यात सापडला त्या थराचं काढतात. म्यानमारचं अंबर ज्या खडकात आहे त्यात ज्वालामुखीची राख आहे आणि राखेत झिर्कॉनचे स्फटिक. झिर्कॉन बनताना युरेनियम आत घेतो, शिसं जवळजवळ घेत नाही. युरेनियम ठरलेल्या वेगानं शिशात बदलतं. आज स्फटिकात किती युरेनियम उरलं आणि किती शिसं झालं हे मोजलं की वय निघतं. ९ कोटी ९० लाख हा आकडा तिथला, आणि त्याची मागंपुढं चूक दहा लाखांच्याही आत आहे.

वस्तानला माझ्या माहितीत कोणी राखेवर वय काढलेलं नाही. तिथं लिग्नाइटच्या थरांमध्ये समुद्र आत आल्याच्या खुणा आहेत, त्यात न्युम्युलाइट नावाच्या चपट्या कवचांचे सूक्ष्मजीव. यांच्या जाती भराभर बदलत गेल्या आणि कुठली जात कुठल्या काळाची हे जगभर जुळवून ठेवलेलं आहे. जात ओळखली की थराचा काळ कळतो. झिर्कॉनइतकं बारीक नाही, पण भक्कम आहे.

१५ कोटी हा आकडा वेगळ्या वाटेनं येतो, म्हणून मी तो "साधारण" म्हणून दिला. आजच्या वाळव्यांच्या आणि झुरळांच्या डीएनएत किती फरक साठलाय ते बघायचं, आणि वय माहीत असलेल्या जीवाश्मांवर तो वेग बेतून घ्यायचा. कुठले जीवाश्म खुंटी म्हणून धरले यावर उत्तर मागंपुढं होतं. वेगवेगळ्या अभ्यासांत एक-दोन कोटींचा फरक पडतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

२२ कोटींचं तुम्ही वाचलं ते बहुधा अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या पेट्रिफाइड फॉरेस्टमधलं. तिथं ट्रायासिक काळच्या खडकात बोगदे आणि कप्पे आहेत, १९९५ च्या सुमारास ते वाळवीची घरं म्हणून मांडले गेले. बहुतेक कीटकतज्ज्ञांनी ते मानलेलं नाही आणि माझाही कौल तिकडेच. नुसते बोगदे आहेत, त्यात किडा नाही, पंख नाही, जबडा नाही. बोगदा कुणीही पाडतं, झाडाची मुळंही पाडतात. मानायचं ठरवलं तर पुढची नऊ कोटी वर्षं वाळवी जगली आणि एक पंखही कुठं पडला नाही असं म्हणावं लागेल. शिवाय वाळवी झुरळांच्या आत बसते हे एकदा कबूल केलं की आधी आजच्या धाटणीची झुरळं हवीत, मग वाळवी. ट्रायासिकमध्ये तशी झुरळं अजून दिसत नाहीत.

तेव्हा मी १५ कोटींच्या आसपास थांबतो. त्याआधीचा सैनिक कोणी दगडात दाखवला, तर आकडा बदलू.